शेवाळाला तोड

१९६३ साली ‘हायड्रोबायोलॉजिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एन. डी. कामत यांचा जवळजवळ शंभर पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता कोल्हापूरची शेवाळं. शिवाजी विद्यापीठ स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरची म्हणून जी यादी आपण पाहुण्यांना ऐकवतो तिच्यात अंबाबाई असते, तालमी असतात, चप्पल आणि गूळ असतो. शेवाळ कधीच नसतं. इथल्या पाण्यातल्या या रहिवाशांची शिरगणती कुणीतरी साठ वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून केली होती, हे कळल्यावर मला त्या माणसाचा हेवाच वाटला.

अशा याद्या नुसत्या हौसेच्या नसतात. १९६९ मध्ये सी. मर्विन पामर या अमेरिकन शास्त्रज्ञानं घाण पाणी सोसणाऱ्या शेवाळांच्या वीस प्रजाती निवडल्या आणि त्यांना गुण दिले. युग्लीना आणि ऑसिलेटोरियाला पाच-पाच, क्लॅमिडोमोनास आणि सीनडेस्मसला चार-चार, क्लोरेलाला तीन. तळ्यातलं पाणी काचपट्टीवर घ्यायचं, त्यात कोण कोण दिसतंय ते बघायचं आणि बेरीज करायची. बेरीज वीस किंवा त्याहून जास्त झाली की पाण्यात सेंद्रिय घाण भरपूर मुरलीय असं समजायचं. जास्त गुण मिळाले की तोंड लपवायची वेळ येते, अशी परीक्षा दुसरी कुठली असेल असं वाटत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत हा पामर निर्देशांक आजही वापरला जातो. यंत्रानं पाणी तपासलं तर त्या घटकेचं पाणी कळतं. शेवाळ मात्र तिथं आठवडेच्या आठवडे राहिलेलं असतं. घाण पाणी आज सकाळी सोडलं की काल रात्री, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला मात्र निर्देशांकाची गरज पडत नाही. गेल्या दीड-दोन दशकांत त्यानं हे पाणी कितीदा तरी हिरवंगार झालेलं पाहिलंय. संध्यामठाच्या बाजूला वाऱ्यानं ढकललेला साका साचतो, कुणी हिरव्या रंगाचा डबा उपडा केला असावा असा. ऊन चढलं की वास सुटतो, आणि भेळेच्या गाड्यांपाशी लोक नाकाला रुमाल लावतात. वर्तमानपत्रं ‘रंकाळा पुन्हा हिरवा’ असा मथळा देतात, महापालिका नाले वळवण्याची कामं काढते, पावसाळा येतो आणि पाणी पुन्हा जरा बरं दिसायला लागतं.

या हिरव्या साक्यातला मुख्य नायक, किंवा खलनायक म्हणा, बहुतेक वेळा मायक्रोसिस्टिस असतो. थेंबभर साका भिंगाखाली घेतला की वेडेवाकडे, भोकाभोकांचे, चिकट ढगासारखे पुंजके दिसतात. एकेका पुंजक्यात शेकडो-हजारो गोल पेशी, एकेक पेशी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी. प्रत्येक पेशीच्या पोटात हवेच्या इवल्या नळ्या असतात. दिवसा ऊन खाऊन पेशी साखर बनवते, साखरेच्या वजनानं जड होते आणि खाली जाते. रात्री ती साखर खर्ची पडते, पेशी हलकी होते आणि वर येते. मेंदू नाही, पंख नाहीत, कल्ले नाहीत, तरी हा जीव रोज तळ्यात वर-खाली फेऱ्या मारतो. खाली जाऊन अन्न घ्यायचं, वर येऊन ऊन घ्यायचं. शांत, बिनवाऱ्याच्या सकाळी रंकाळ्याच्या पृष्ठभागावर जी हिरवी साय दिसते, ती रात्रभरात वर आलेली ही मंडळी असतात.

हे घरीही बघता येतं. हिरवं पाणी काचेच्या बरणीत भरा, हातमोजे घालून भरा हे बरं, झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये हलवू नका. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल आणि काचेला कडं धरून बसला असेल, तर ती मायक्रोसिस्टिसच्या कुळातली नील-हरित मंडळी. हिरवळ तळाशी बसली असेल तर ती साधी हिरवी शेवाळं, क्लोरेला-सीनडेस्मसच्या घराण्यातली. हा फरक मोलाचा आहे, कारण मायक्रोसिस्टिस यकृताला घातक असं विष बनवू शकतो. त्या विषाचं नावही त्याच्यावरूनच मायक्रोसिस्टिन पडलंय. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलिडो शहरात सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं, ते ईरी सरोवरात माजलेल्या याच जिवामुळे. आणि याच्याच दूरच्या पूर्वजांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा प्राणवायू भरायला सुरुवात केली, म्हणून आपण आज श्वास घेतोय. तेव्हा नाकाला रुमाल लावताना मनातल्या मनात एक नमस्कारही करायला हरकत नाही.

आता या हिरवाईला एवढा जोर येतो कुठून?

ऊसवाल्या शेतकऱ्याला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. नत्र आणि स्फुरद. दहा-सव्वीस-सव्वीसच्या पिशवीवर जे छापलेलं असतं तेच. शेवाळाला ऊन फुकट मिळतं, कर्बवायू हवेतून मिळतो, पाणी तर भोवती आहेच. अडतं ते या दोन गोष्टींपाशी, आणि गोड्या पाण्याच्या तळ्यात बहुतेक वेळा स्फुरदापाशी. अमेरिकेचे आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये समुद्राच्या पाण्याचा आणि त्यातल्या प्लवकांचा हिशेब मांडला होता. त्यातून पुढे रूढ झालेलं प्रमाण असं : स्फुरदाच्या एका अणूमागे नत्राचे १६ आणि कर्बाचे १०६. याचा व्यवहारी अर्थ थक्क करणारा आहे. एक ग्रॅम स्फुरद मिळालं की त्यावर साधारण शंभर ग्रॅम कोरडं शेवाळ उभं राहतं, आणि ओलं म्हणाल तर किलोच्या घरात. चिमूटभर स्फुरद आणि बादलीभर चिकट हिरवळ!

हे नुसतं कागदावरचं गणित आहे असं वाटणाऱ्यांसाठी कॅनडात एक फार देखणा प्रयोग झाला. साबण-डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर तेव्हा तिकडे वाद पेटला होता. तळी हिरवी होण्याचा दोष स्फुरदाचा की कर्बाचा, यावर उद्योगवाले आणि शास्त्रज्ञ भांडत होते. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या चमूनं ऑन्टारिओतलं ‘सरोवर २२६’ निवडलं. या सरोवराला मधोमध चिंचोळी कंबर आहे. तिथं त्यांनी प्लास्टिकचा मोठा पडदा बसवला आणि एका सरोवराची दोन केली. एका बाजूला कर्ब आणि नत्र घातलं, दुसऱ्या बाजूला कर्ब, नत्र आणि शिवाय स्फुरद. विमानातून काढलेल्या त्या फोटोत पडद्याच्या एका बाजूला काळसर, स्वच्छ पाणी आहे आणि दुसऱ्या बाजूला हिरवट दुधी पाणी. मधली रेघ पट्टीनं मारल्यासारखी. वादाचा निकाल एका फोटोत लागावा, असं विज्ञानात क्वचितच होतं.

कोल्हापुरात हे खत पाण्यात कसं उतरतं ते सांगायला फार शब्द नकोत. शहराचं सांडपाणी, जयंती आणि दुधाळी नाला, धुणी-भांडी, म्हशी, निर्माल्य, आणि पंचगंगेच्या दोन्ही काठांच्या उसातून पावसानं धुऊन आलेलं नत्र. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीपर्यंत पंचगंगेची वाट जेमतेम ८० किलोमीटरची, आणि एवढ्याशा वाटेवर तिला कोल्हापूर आणि इचलकरंजी अशी दोन भुकेली शहरं भेटतात. पुढे शिरोळच्या बंधाऱ्यांमागे जे केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजतं, ते याच खतावर पोसलेलं असतं. भूक तीच, अंगानं फक्त मोठं.

सांडपाण्याबद्दल एक गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही. प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी डोळ्यांना नितळ दिसतं, त्याचा वासही गेलेला असतो, तरी त्यात नत्र आणि स्फुरद बऱ्यापैकी शिल्लक असू शकतं. मैला कुजवून टाकणं हे जिवाणूंचं काम आणि ते त्यांना छान जमतं. पण कुजलेल्या मैल्यातलं स्फुरद कुठं जाणार? ते वायू होऊन उडत नाही. पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर चालू लागतं. नितळ पाणी आणि उपाशी पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवाळाला नितळ पाण्याची अडचण होत नाही, उलट ऊन खोलवर पोचतं म्हणून ते आणखी खूश होतं.

इथवरची गोष्ट शेवाळाच्या तक्रारीची झाली. आता तीच गोष्ट उलट्या टोकानं धरा. पाण्यातलं स्फुरद शोधून काढणं, पाण्याच्या लाखो भागांत एक-दोन भाग एवढं विरळ असलं तरी वेचून पेशीत घेणं, हे काम शेवाळाइतकं चांगलं करणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. स्फुरदाची चंगळ असली की कितीतरी शेवाळं गरजेपेक्षा जास्त उचलतात आणि पेशीत त्याचे दाणे करून साठवून ठेवतात, पुढच्या दुष्काळासाठी. ज्या भुकेनं रंकाळा नासतो, ती भूक कामाला लावली तर?

ही कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात सांडपाण्याच्या तळ्यात डोकावून पाहिलं, आणि त्यांना तिथं एक संसार चाललेला दिसला. जिवाणू मैला खातात आणि कर्बवायू सोडतात. शेवाळ तो कर्बवायू घेतं आणि प्राणवायू सोडतं, जो जिवाणूंना हवाच असतो. नेहमीच्या केंद्रात हा प्राणवायू पाण्यात घालायला मोठमोठे ब्लोअर रात्रंदिवस चालवावे लागतात, आणि विजेच्या बिलाचा मोठा हिस्सा त्यातच जातो. ऑस्वाल्ड यांनी शेवाळाकडून ते काम उन्हावर करून घेतलं. फूटभर खोलीचे लांबट, वळणाचे हौद बांधले आणि पाणी सावकाश फिरत राहावं म्हणून त्यात पात्यांचं चाक ठेवलं. खोली फूटभरच का? त्याखाली ऊन पोचत नाही, कारण वरचं शेवाळ खालच्यावर सावली धरतं.

दुपारी अशा हौदात आणखी एक गंमत चालते. शेवाळ कर्बवायू इतक्या झपाट्यानं ओढून घेतं की पाणी क्षारधर्मी होत जातं, सामू नऊ-दहाच्या वर चढतो. मग स्फुरद पाण्यातल्या चुन्याशी बांधलं जाऊन तळाला बसायला लागतं, आणि अमोनियातलं काही नत्र हवेत उडून जातं. म्हणजे शेवाळ खातं तेवढं खातंच, शिवाय न खाल्लेलंही बाहेर काढतं. संध्याकाळ झाली की सामू पुन्हा उतरतो. सांडपाण्याच्या एका हौदात रोज एवढी रसायनशाळा मांडली आणि मोडली जाते, आणि वरून बघणाऱ्याला फक्त हिरवं पाणी दिसतं.

महाराष्ट्राला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही. नागपुरात १९५८ मध्ये सुरू झालेली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच आजची नीरी, आपल्या पहिल्या काळात याच विषयात रमली होती. गरीब देशाला, भरपूर उन्हाला आणि अपुऱ्या विजेला साजेसा उपाय म्हणून सांडपाण्याची उथळ तळी कशी आखायची, कशी बांधायची, कशी चालवायची, याचा तिथं कसून अभ्यास झाला. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं भारतातल्या अशा तळ्यांवरचं पुस्तक या संस्थेनं १९७० मध्ये काढलं. पुढे शहरांना जागेची चणचण भासू लागली, तळ्यांच्या जागी काँक्रीटच्या टाक्या आल्या आणि शेवाळाचा हा धडा पुस्तकातच मिटून राहिला.

पण तळी बांधण्यात एक मेख होती, आणि तीच या सगळ्या गोष्टीची गुरुकिल्ली आहे. शेवाळानं स्फुरद खाल्लं म्हणजे ते पाण्यातून गेलं, असं होत नाही. ते फक्त शेवाळात गेलं. शेवाळ पाण्यातच राहिलं तर चार दिवसांनी मरतं, तळाशी बसतं, कुजतं आणि खाल्लेलं सगळं परत पाण्यात सोडतं. कुजताना प्राणवायू संपतो, आणि प्राणवायू संपला की गाळात लोहाला धरून बसलेलं जुनं स्फुरदही सुटं होतं. म्हणून तर नाले वळवल्यावरही एखादं तळं वर्षानुवर्षं हिरवं होत राहतं. ते आपल्याच गाळावर जगत असतं. रात्री तर हिरवं पाणी स्वतःच श्वास घेतं, आणि पहाटेच्या सुमाराला प्राणवायू इतका उतरतो की मासे पाण्यावर येऊन तोंडं वासतात. ऊस लावला, खत घातलं, बारा महिने पाणी दिलं आणि तोड न करता तसाच फडात वाळू दिला, तर कुणी त्याला शेती म्हणेल का? रंकाळ्यात आपण इतकी वर्षं नेमकी हीच शेती करतोय.

तोड करायची तर ती करायची कशी, इथं शेवाळ माणसाला चांगलंच दमवतं. क्लोरेलाची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून लहान. ती पाण्याइतकीच जड, म्हणून लवकर बुडत नाही. पेशींवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात आणि गुठळी होऊ देत नाहीत. चांगल्या हिरव्यागार हौदातसुद्धा लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम शेवाळ असतं. एवढं वेचायला तुरटी घाला, सेंट्रिफ्यूज फिरवा, बारीक पडद्यांतून गाळा. काहीही करा, खर्च वाढतोच. शेवाळाच्या किती तरी गाजलेल्या योजना या एका पायरीवर घसरल्या.

यातून वाट काढली ती प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्या एका माणसानं. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे वॉल्टर एडी कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळभिंती बघत होते. तिथलं पाणी काचेसारखं निळं, त्यात खत म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही, आणि तरी खडकांवर शेवाळाची आखूड लव अशा वेगानं वाढते की शेतातल्या पिकांनी मान खाली घालावी. हे कसं? एक तर लाटा. प्रत्येक लाट नवं पाणी आणते, आणि जेमतेम असलेलं अन्नही पेशीच्या तोंडाशी येऊन पडतं. आणि दुसरं म्हणजे मासे. ते दिवसभर ही लव कुरतडत असतात, त्यामुळे ती कधी जून होतच नाही. सतत कोवळी, सतत वाढीला लागलेली. प्रवाळभिंतीवर तोड अखंड चालू असते.

एडींनी १९८० च्या सुमाराला याची नक्कल केली. किंचित उताराचा लांब पन्हळ, त्यावर जाळी अंथरलेली. वरच्या टोकाला कललेली बादली, जी भरली की आपोआप उलटते आणि पाण्याची लाट खाली सोडते, मग पुन्हा भरायला लागते. धप्प... धप्प... असा तिचा ठेका. जाळीवर लांब धाग्यांची शेवाळं स्वतःच येऊन रुजतात, बी पेरावं लागत नाही; ज्या पाण्याला जी मानवतात ती येतात. पाणी पन्हळाच्या खालच्या टोकाला पोचतं तेव्हा त्यातलं नत्र-स्फुरद कमी झालेलं असतं आणि प्राणवायू मात्र ओसंडत असतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाणी थांबवायचं आणि जाळी खरवडायची. सेंट्रिफ्यूज नको, तुरटी नको. फावडं आणि ढकलगाडी पुरते. खरवडलेल्या जाळीवर धाग्यांचे बुडखे शिल्लक राहतात आणि उसाच्या खोडव्यासारखे पुन्हा फुटतात. मला या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत हुशार काय वाटतं, तर एडींनी माशाची जागा माणसाला दिली.

स्पेनच्या दक्षिणेला चिक्लाना दे ला फ्रोंतेरा या गावी सांडपाण्यावर वाढवलेल्या शेवाळातून वायू काढून त्यावर मोटारी चालवून दाखवल्या आहेत. आपल्याकडे तमिळनाडूत राणीपेटला एका कारखान्याच्या सांडपाण्यावर शेवाळाचा प्रयोग या शतकाच्या पहिल्या दशकातच झाला. तेव्हा हे प्रयोगशाळेबाहेर चालतं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. प्रश्न कोल्हापूरचा आहे, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन सोडवून बघण्यासारखा आहे.

कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राची क्षमता दिवसाला ७६ दशलक्ष लिटर आहे. सांडपाण्यात लिटरमागे ५ मिलिग्रॅम स्फुरद आणि ४० मिलिग्रॅम नत्र धरू. घरगुती सांडपाण्यासाठी हा अंदाज भलता नाही. म्हणजे रोज ३८० किलो स्फुरद आणि सुमारे ३,००० किलो नत्र. कोरड्या शेवाळात शंभराला एक भाग स्फुरद असतं. ३८० किलो उचलायचं तर रोज ३८ टन कोरडं शेवाळ काढायला हवं. चांगल्या उन्हात चौरस मीटरला दिवसाकाठी २० ग्रॅम पीक येतं. भागाकार केला की १९ लाख चौरस मीटर येतात, म्हणजे १९० हेक्टर. अख्खा रंकाळा शंभर हेक्टरच्या आसपास आहे. शहराचं सगळं स्फुरद शेवाळानं उचलायचं, तर जवळजवळ दोन रंकाळे भरतील एवढी जाळी अंथरावी लागेल.

आणि एवढी सपाट, मोकळी जागा शहराजवळ सापडेल ती नेमकी नदीकाठी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात जी शेतं दिवसेंदिवस पाण्याखाली होती, त्याच जमिनी या जाळ्यांच्या वाट्याला येणार. शिवाय जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, शेवाळाची वाढ रोडावते, आणि नेमकं त्याच दिवसांत नाले दुथडी भरून बांध ओलांडतात. इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेच्या रंगीत पाण्यात तर आधी ऊनच शिरत नाही. त्या पाण्याला त्याच्या त्याच्या रसायनांची वेगळी शुद्धी लागते. २०१२ मध्ये काविळीच्या साथीनं ज्या इचलकरंजीला हादरवलं, तिला शेवाळाची गोष्ट सांगून आधीच्या पायऱ्या टाळता येणार नाहीत. जंतू मारणं, मैला कुजवणं हे आधी; शेवाळाची पाळी त्यानंतरची.

म्हणून शेवाळाकडे सगळ्या शहराचा बोजा देऊ नये, असं माझं मत आहे. त्याला शेवटचा घास द्यावा. केंद्रातून नितळ होऊन निघालेल्या पाण्याचा एखादा भाग, एखाद्या वसाहतीच्या छोट्या केंद्रामागचं पाणी, रंकाळ्याला येऊन मिळणारा एखादा बारीक ओढा. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने कोल्हापूरच्या उन्हाला काही तोटा नाही, आणि तळी हिरवी होतात तीही याच कोरड्या दिवसांत. अर्ध्या एकरात अंथरलेली जाळी दिवसाला ४० किलो कोरडं शेवाळ देऊ शकते, त्यातून रोज ४०० ग्रॅम स्फुरद बाहेर पडतं. आकडा किरकोळ वाटेल. पण हेच ४०० ग्रॅम तळ्यात राहिले असते तर त्यांनी ४० किलो कोरडं, म्हणजे ओलं काही क्विंटल, हिरवं पीक तळ्यातच उभं केलं असतं.

काढलेल्या शेवाळाचं करायचं काय, हे शेतकऱ्याला विचारलं तर तो हसेल. मघाचाच हिशेब वर्षाला लावून बघा. ३८० किलो स्फुरद म्हणजे खताच्या पिशवीच्या भाषेत सुमारे ८७० किलो, कारण पिशवीवर ते ऑक्साइडच्या रूपात मोजतात. वर्षाचे झाले ३०० टनांच्या वर. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्र आणि ११५ किलो स्फुरद अशी शिफारस आहे. एका केंद्राच्या क्षमतेइतक्या सांडपाण्यातलं स्फुरद पावणेतीन हजार हेक्टर उसाला पुरेल आणि नत्र चार हजारांवर हेक्टरांना. एकीकडे मोरोक्को-जॉर्डनच्या खाणींतला खडक जहाजानं आणायचा, त्याचं खत करून करवीर-शिरोळच्या उसाला घालायचं, आणि दुसरीकडे तेवढंच खत नदीनं कर्नाटकाकडे धाडायचं. शहरी सांडपाण्यावरचं शेवाळ जड धातूंसाठी तपासल्याशिवाय शेतात घालू नये, जनावरांच्या दावणीला तर मुळीच नेऊ नये. पण बागेच्या, रोपवाटिकेच्या मातीला किंवा गोबरगॅसच्या टाकीला ते चालतं.

केंदाळ काढायच्या निविदेत किती ट्रॉल्या काढल्या ते मोजतात. तिथं एक रकाना वाढवायला हवा : पाण्याबाहेर किती किलो स्फुरद गेलं. केंदाळात शंभराला ९५ भाग पाणीच असतं. तीन टनांच्या ट्रॉलीत कोरडा माल निघतो दीडशे किलो आणि त्यात स्फुरद असतं सुमारे अर्धा-पाऊण किलो. आणि ट्रॉली काठावरच रिती केली तर तेही पहिल्या वळवाबरोबर परत नदीत. दिवसाचं ३८० किलो स्फुरद केंदाळाच्या रूपानं वाहायचं ठरवलं तर रोज सहाशेच्या आसपास ट्रॉल्या लागतील. जाळीवरून खरवडून उन्हात वाळवलेल्या शेवाळाच्या, वजनाच्या हिशेबानं, तेरा.